खोल म्हणजे जुनं नव्हे

अंटार्क्टिकातला सगळ्यात जुना बर्फ हवा असेल तर भोक कुठे पाडायचं? गेले काही महिने हा प्रश्न मी भेटेल त्याला विचारते आहे. भाच्याला विचारला, बँकेतल्या मैत्रिणीला विचारला, बोअरच्या गाडीवरच्या पोरांना विचारला. उत्तर सगळ्यांचं एकच: जिथे बर्फ सगळ्यात जाड तिथे, पार तळाला. बर्फ दरवर्षी वरून साचतो, थरावर थर बसतो, म्हणजे खालचा तो जुना. मग थर जितका जाड तितका तळ जुना. ऐकायला अगदी बरोबर. पण तिथे भोक पाडलंत तर तळाशी जुन्या बर्फाऐवजी पाणी लागण्याची शक्यताच जास्त. आमच्या धंद्यातलं दुखणं नेमकं याच्या उलटं असतं, म्हणून मला या विषयाची गोडी लागली असावी.

मी भूगर्भशास्त्र शिकले आणि विहिरींच्या, बोअरच्या जागा सांगते. पारनेर, संगमनेरचं पठार, जुन्नरचा कोरडा पूर्व भाग, असा माझा पट्टा. चार खुंट्या रोवायच्या, जमिनीत वीज सोडायची, रोध मोजायचा आणि खाली मुरूम कुठवर, काळा पाषाण कुठून, मांजऱ्या (भोकाभोकांचा खडक) कुठे, भेग असेल का, याचा अंदाज बांधायचा. पुष्कळदा माझ्या आधी नारळवाला पाणाड्या येऊन गेलेला असतो. आमचं दोघांचं एकमत झालं तरच मालक गाडी बोलावतो. जागा कोणीही सांगितलेली असो, दोनशे-अडीचशे फुटांपर्यंत नुसता धुरळा निघाला की वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, आजून शंभर घेऊ. खाली आसंलच." आमच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, खाली असेलच असं काही नसतं. उलट खोल जाल तशा भेगा मिटत जातात. (शेतीसाठी साठ मीटरच्या खाली जायला कायद्यानेच मनाई आहे. ती कोण पाळतं हे मला विचारू नका.) पण खोलीवरचा माणसाचा विश्वास काही केल्या उडत नाही.

९ जानेवारी २०२५ ला बर्फाची जी मोठी बातमी आली, तिच्यातही तोच विश्वास ओसंडत होता. युरोपातल्या दहा देशांच्या बारा संस्थांनी मिळून चालवलेल्या 'बियाँड एपिका' प्रकल्पाने पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर, लिटल डोम सी नावाच्या जागी, २,८०० मीटर भोक पाडून तळाचा खडक गाठला. वर काढलेला बर्फ किमान १२ लाख वर्षांचा. बातम्यांत सगळं कौतुक त्या २,८०० मीटरचं. समुद्रसपाटीपासून ३,२०० मीटर उंचीवर, ऐन उन्हाळ्यातल्या उणे पस्तीस अंशांत, चार हंगाम मिळून दोनशेहून अधिक दिवस राबून काढलेला बर्फ आहे तो. कौतुक व्हायलाच हवं. पण तिथून जेमतेम पस्तीस किलोमीटरवर, त्याच पठारावरच्या डोम सी या जागी, १९९६ ते २००४ या काळात 'एपिका' या आधीच्या युरोपीय प्रकल्पाचं ३,२०० मीटरहून खोल भोक आधीच पडलेलं आहे, आणि त्यातून मिळाला तो आठ लाख वर्षांचा बर्फ. म्हणजे या वेळी चारशेहून जास्त मीटर कमी खोदून चार लाख वर्षं जास्त हाती लागली. माझ्या मते खरी बातमी ही होती. यंत्र तेवढंच चांगलं असतानाही जागा निवडणाऱ्यांमुळे डाव जिंकला गेला, आणि त्यांचं नाव कुठे आलं नाही. जागा सांगणाऱ्याच्या नशिबी बहुधा असंच असतं. पाणी लागलं तर गाडीवाल्याला फेटा.

आधी हे सांगते की एवढा आटापिटा कशासाठी. बर्फात त्या त्या काळातली हवा अडकून राहते. एपिकाच्या त्या पहिल्या भोकातून आठ लाख वर्षांचा हवेचा हिशेब मिळाला: कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत १७२ पासून ३०० पर्यंत खालीवर होत राहिला, हिमयुगात कमी, उबदार काळात जास्त. आज तो ४२० च्या वर आहे. या आठ लाख वर्षांत हिमयुगं साधारण लाख-लाख वर्षांच्या फेऱ्यांनी आली. पण समुद्रतळाचा गाळ सांगतो की त्याआधी असं नव्हतं. पूर्वी फेरा ४१ हजार वर्षांचा होता, पृथ्वीचा अक्ष कमी-जास्त कलतो त्या तालावर. १२ लाख ते ९ लाख वर्षांपूर्वीच्या दरम्यान कधीतरी हा ताल बदलला. हिमयुगं लांबली, अधिक कडक झाली. सूर्याभोवतीच्या फिरण्यात तेव्हा काहीच वेगळं घडलेलं नाही, मग बदललं काय? गाळावरून समुद्राचं तापमान कळतं, जमिनीवर बर्फ किती होता ते कळतं, पण हवेचा नमुना गाळात मिळत नाही. तो बर्फातच मिळणार, आणि आपल्याकडचा बर्फ नेमका बदल होऊन गेल्यानंतरचा. त्याच्या मागे जायचं, म्हणून ही शोधाशोध.

आता त्या चुकीच्या उत्तराकडे येते. जमिनीतून खालून ऊब येत असते. ज्वालामुखी वगैरे नव्हे, साध्या खडकातून, सगळीकडे, सतत. खंडांच्या जुन्या भागात प्रत्येक चौरस मीटरमागे साधारण पन्नास-साठ मिलिवॉट, म्हणजे शंभर चौरस मीटरच्या खालची सगळी गोळा केली तर पाच-सहा वॉट. नगण्य. पण तिला वेळ भरपूर आहे आणि बाहेर पडायला वाट नाही. पठारावर वर्षाची सरासरी उणे ५४ अंश असली तरी तो गारठा तीन किलोमीटर खाली पोचत नाही, कारण बर्फ स्वतःच गोधडी आहे. गोधडी जितकी जाड तितकी आतली ऊब आत राहते. त्यात वरच्या वजनाचा दाब असा की तळाच्या बर्फाला वितळायला शून्य अंशही लागत नाही, तीन किलोमीटरखाली उणे अडीचच्या आसपासच त्याचं पाणी होतं. वर्षाला एक मिलिमीटर वितळला असं धरा. दहा लाख वर्षांत एक किलोमीटर गेला. आणि गेला तो तळातून, म्हणजे ज्याच्यासाठी आपण आलो नेमका तोच भाग आधी.

याचं सगळ्यात नामी उदाहरण व्होस्तोक, अंटार्क्टिकाच्या पठारावरचं रशियाचं केंद्र. पृथ्वीवर मोजलेलं सर्वांत कमी तापमान तिथलंच, २१ जुलै १९८३ चं, उणे ८९.२ अंश. सोव्हिएत काळात तिथे भोक पाडायला घेतलं, पुढे फ्रेंच आणि अमेरिकन शास्त्रज्ञ सामील झाले आणि १९९८ पर्यंत ते ३,६२३ मीटरवर पोचलं. त्यातले उपयोगी आले ते वरचे ३,३१० मीटर, सुमारे चार लाख वीस हजार वर्षांचे. त्याच्या खाली थर विस्कटलेले. आणि ३,५३८ मीटरच्या खालचा बर्फ तर आभाळातून पडलेलाच नव्हे. तो खालच्या तळ्याचं पाणी बर्फाच्या बुडाला चिकटून गोठलेलं. हो, तळं. अडीचशे किलोमीटर लांब, पन्नासेक रुंद, आणि वर जवळपास चार किलोमीटर बर्फ. पारनेरकडचे माझे एक जुने शेतकरी आहेत, नाना, त्यांना हे सांगितलं. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "म्हंजी त्यास्नी नको तिथं पानी लागलं. आन् आमाला?" मला याच्यावर उत्तर नव्हतं.

तर मग जाड बर्फ नको. पातळ हवा का? तोही नको, कारण पातळ बर्फात तळाचे थर इतके चेपतात की हजारो वर्षं एका पेरात येतात आणि त्यातून काही वाचता येत नाही. बर्न विद्यापीठातले ह्युबर्टस फिशर आणि त्यांच्या बऱ्याच सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नेमका हाच हिशेब मांडणारा शोधनिबंध लिहिला: पंधरा लाख वर्षांचा बर्फ कुठे सापडेल? डोम सीच्या परिसरातली जमिनीची ऊब आणि पडणारा बर्फ धरला तर त्यांचं उत्तर होतं, जाडी २,५०० मीटरच्या आतबाहेर, पण आतच. म्हणजे जुन्या भोकाच्या जागेपेक्षा सातशे मीटरहून कमी. मी तो निबंध वाचला तेव्हा मनात म्हटलं, ही तर आमचीच भाषा आहे. किती खोल जाऊ शकतो हे नाही, कुठे थांबलेलं बरं हे आधी ठरवा.

जाडीखेरीज बाकीच्या अटीही तितक्याच कटकटीच्या, आणि एकीला जपावं तर दुसरी रुसते. वरून बर्फ कमी पडायला हवा, म्हणजे तेवढ्याच जाडीत जास्त वर्षं मावतात. तिथल्या पठारावर तो पाण्याच्या हिशेबात वर्षाला जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर पडतो. पावसाच्या मापाने ते वाळवंटच. पण फारच कमी पडला तर वरचा गारठा खाली घेऊन जाणाराही कोणी उरत नाही, कारण नव्या बर्फाखाली दबत जाणारा थरच ती थंडी तळाकडे नेतो. म्हणजे कमी बर्फ पडण्याची किंमत तळाच्या उबेत मोजावी लागते. शिवाय बर्फ वाहता नको. उतारावरचा बर्फ शेकडो किलोमीटर सरकत आलेला असतो, वाटेत खडकाच्या चढउतारांवर दुमडतो, आणि तुमच्या भोकातला तळाचा तुकडा मुळात भलतीकडेच पडलेला असतो. म्हणून घुमटाचा माथा किंवा पाणलोटासारखी जी बर्फाची धार असते ती शोधायची. तिथे बर्फ फक्त खाली बसतो, बाजूला फारसा जात नाही. 'डोम' हे नाव त्यावरूनच, पण तिथे उभं राहिलं तर घुमट बिमट काही दिसत नाही. उतार इतका हलका की सपाट मैदानच वाटावं, असं तिथे राहून आलेले लोक लिहितात.

जमिनीची ऊब किती, ही सगळ्यात वाईट अट, कारण ती मोजायला खडकापर्यंत पोचावं लागतं आणि खडकापर्यंत पोचायचं की नाही तेच तर ठरवायचं असतं. ऊब खडकाच्या जातीवर अवलंबून. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम जास्त, त्यांच्या क्षयातून उष्णता निघते. आमचा बेसॉल्ट त्या मानाने थंड. अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात बर्फाखाली कुठला खडक आहे ते कडेच्या डोंगरांवरून आणि गुरुत्व-चुंबकीय मोजमापांवरून ताडायचं. (गोंडवनाच्या काळात भारताचा पूर्व किनारा आणि पूर्व अंटार्क्टिका जोडलेले होते, पूर्व घाटातले खडक आणि तिकडच्या किनाऱ्यावरचे काही खडक एकाच पट्ट्याचे आहेत. कॉलेजात हे नकाशे जुळवताना मला फार मजा यायची.) इथे एक उलटी युक्ती वापरली गेली, ती मला सगळ्यात आवडली. बर्फाखाली पाणी कुठे आहे आणि कुठे नाही हे वरून रडारने दिसतं. या जागी इतक्या जाडीखाली पाणी आहे, त्या जागी तेवढ्याच थंडीत थोड्या कमी जाडीखाली नाही. मग ऊब या दोन आकड्यांच्या मधली असणार. ऊब न मोजता ऊब कळली.

रडारचं हे तंत्र विमानांच्या एका तक्रारीतून निघालं. १९५० च्या दशकात बर्फावरून उडणाऱ्या वैमानिकांचं रडार उंची चुकीची दाखवायचं, कारण त्याच्या लहरी बर्फाच्या पृष्ठावर न थांबता आरपार जाऊन खालून परतत. अमेरिकी लष्करातल्या एमोरी वेटने १९५७ च्या सुमारास दाखवून दिलं की ही चूक म्हणजेच बर्फाची जाडी मोजायचं साधन आहे. पुढे केंब्रिजच्या स्कॉट पोलर संस्थेने त्यासाठी खास यंत्र बनवलं. मग लक्षात आलं की नुसता तळच नाही, मधले थरही परतीचा आवाज देतात. जुन्या ज्वालामुखींच्या आम्लाचे थर सगळीकडे एकाच वेळी पडलेले असतात. एपिकाच्या भोकात अमुक खोलीवरचा थर अमुक लाख वर्षांचा हे माहीत आहे. तोच थर रडारवर धरून पस्तीस किलोमीटर चालत जायचं, आणि नव्या जागी तो किती खोल आहे ते बघायचं. आम्ही गावात दोन बोअरची माहिती घेऊन मधला थर जोडतो, तेच. फक्त आमच्याकडे मध्येच कुठला तरी डाइक (भेगेत उभा घुसलेला कठीण खडक) आडवा येतो आणि जोडणी फसते.

२०१६ पासून डोम सी आणि डोम फुजी (पूर्व अंटार्क्टिकातलाच दुसरा घुमट) या दोन्ही भागांत विमानांनी आणि बर्फावरून गाड्या ओढत असं मोजमाप झालं. लिटल डोम सीच्या खाली खडकाचा उंचवटा आहे, म्हणून तिथे बर्फ शेजारच्यापेक्षा पातळ, तळ गोठलेला, आणि तरी जागा माथ्याजवळची. एप्रिल २०१९ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत ही जागा जाहीर झाली. रडारवर एक गोष्ट खटकणारी होती: तळाशी सुमारे दोनशे मीटरच्या पट्ट्यात एकही थर दिसत नव्हता. तो बर्फ हलत नसावा, वरच्या हिशेबात धरू नये, असं तेव्हाच लिहून ठेवलं गेलं. आणि झालंही तसंच. २०२५ मध्ये भोक तळाला टेकलं तेव्हा १२ लाख वर्षांपर्यंतचा सलग हिशेब वरच्या २,५०० मीटरच्या थोडा आतच संपला आणि खालचे दोनशे मीटर निघाले विस्कटलेले, कदाचित मिसळलेले, कदाचित पुन्हा गोठलेले. फिशर यांचा २,५०० चा आकडा आणि हा आकडा इतके जवळ यावेत, ते बघून मला माझ्याच सर्व्हेचं पाणी लागल्यासारखा आनंद झाला.

खोदाईबद्दल मी फार लिहीत नाही, त्यावर पुष्कळ चित्रफिती आहेत. दहा सेंटिमीटर जाडीची कांडी काही मीटरांच्या तुकड्यांत वर यायची, भोक मिटू नये म्हणून त्यात न गोठणारा द्रव भरून ठेवायचा, आणि तळाजवळ बर्फ वितळणबिंदूला टेकला की पातं चिकटायला लागतं. आमचा हातोडा हवेने चालतो, दिवसात काम उरकतो. तिथे एक भोक चार हंगाम. पण सगळ्यात खालच्या सलग भागात एका मीटरमध्ये तेरा हजार वर्षांपर्यंतचा काळ दबलेला आहे. अख्खी मानवी शेती एका मीटरमध्ये मावली, वर जागा शिल्लक. अशा कांडीचा एकेक सेंटिमीटर कसा कापायचा यावर वाद होणारच. ते तुकडे उणे ५० अंशांत जहाजाने युरोपात आले आणि २०२५ च्या उन्हाळ्यात केंब्रिजच्या ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेमध्ये सगळ्यात जुन्या भागाच्या बारीक पट्ट्या तापलेल्या तबकडीवर हळूहळू वितळवायला सुरुवात झाली.

हा झाला सरळमार्गी लोकांचा रस्ता. दुसरा रस्ता आहे तो मला खरं सांगायचं तर थोडा पाणाड्यांचा वाटायचा, आणि अजून पूर्ण मत बदललेलं नाही. ॲलन हिल्स नावाचा भाग ट्रान्सअंटार्क्टिक डोंगररांगेच्या कडेला आहे. पठारावरून सरकत येणारा बर्फ तिथे डोंगराला अडतो, वर चढतो, आणि सततचा कोरडा वारा वरचा बर्फ उडवत, हवेत विरवत राहतो. म्हणून जुना बर्फ आपण होऊन वर येतो; निळा दिसतो, कारण त्यात हवा फार दाबलेली असते. मंगळावरून आलेला तो प्रसिद्ध अशनी, एएलएच ८४००१, याच बर्फावर १९८४ मध्ये सापडला. उल्कांचे तुकडे तिथे गोळा होतात त्याचं कारणही हेच: बर्फ जातो, दगड उरतो. जॉन हिगिन्स आणि प्रिन्स्टनच्या मंडळींनी तिथून आधी दहा लाख, मग वीस लाख वर्षांचा बर्फ काढला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ओरेगन स्टेट विद्यापीठातून चालणाऱ्या 'कोल्डेक्स' या अमेरिकी केंद्राच्या लोकांनी जाहीर केलं की ॲलन हिल्सचा काही बर्फ साठ लाख वर्षांचा आहे. खोली? दीडशे ते दोनशे मीटर. सातशे फूटसुद्धा नाही. आमच्याकडच्या गाडीचा हा नेहमीचा आवाका.

एवढ्या जुन्या बर्फाचं वय कळतं कसं, हे मला आधी पटत नव्हतं. थर मोजून ते कळणं शक्यच नाही, कारण थर कुठेच सरळ नाहीत. उत्तर आर्गॉनमध्ये आहे. खडकांमधलं पोटॅशियम क्षय पावून आर्गॉन-४० बनतं आणि पृथ्वीच्या पोटातून थोडं थोडं हवेत झिरपतं. त्यामुळे हवेतलं आर्गॉन-४० चं प्रमाण लाखो वर्षांत अगदी संथ गतीने वाढत आलंय. बुडबुड्यातल्या हवेत ते किती आहे हे मोजलं की हवा केव्हाची ते थेट कळतं, शेजारी काय आहे त्याच्याशी संबंध नाही. काही लाख वर्षांची चूकभूल धरायची. साठ लाखांत तेवढी चालून जाते.

म्हणजे वयाची स्पर्धा असेल तर अमेरिकन कितीतरी पुढे. पण मला सलग बारा लाख हवेत, तुटक साठ लाख नकोत, असं आपलं माझं मत. ॲलन हिल्सचा बर्फ म्हणजे काही सुटे क्षण; एक आज वाचलं, पुढचं पाच लाख वर्षांनंतरचं. ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून त्यांना साठ लाख वर्षांत तिथे सुमारे बारा अंशांनी थंडी वाढल्याचं दिसलं, हे काही थोडं नाही. पण ४१ हजारांचा ताल एक लाखाचा कसा झाला हे विचारायचं तर एकामागून एक फेरे दिसायला हवेत. आमच्याकडेही असंच आहे: एका दिवशी एका विहिरीची पातळी मोजून भूजलाबद्दल बोलणारे खूप, दर महिन्याला मोजणारे कमी. याबाबतीत मी जरा कडवट आहे, सोडून द्या.

आपल्याकडे हे काम होतं का, असं काही जणांनी विचारलं. होतं, आणि जवळच होतं. वास्कोला हेडलँड साडावर राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, तिथे उणे वीस अंशांची बर्फाची प्रयोगशाळा आहे. १९८१ च्या डिसेंबरात पहिली भारतीय मोहीम गोव्यातूनच निघाली होती. आपले लोक जो बर्फ काढतात तो बहुतेक ड्रोनिंग मॉड लँडच्या किनारपट्टीकडचा, गेल्या काही शतकांचा. काही जण यावर नाक मुरडतात. उगाच. किनाऱ्याकडे बर्फ भरपूर पडतो, त्यामुळे वर्ष-वर्ष सुटं दिसतं; पठारावर काळ लांबतो पण वर्षं मिटतात. दोन्ही एकाच भोकात मिळत नाही. आणि पठारावरच्या बर्फातही आपला हिस्सा आहेच: त्यातला मिथेन पुष्कळसा उष्ण कटिबंधातल्या दलदलींमधून, पाणथळ जमिनींमधून आलेला. आशियाई मान्सून जोरात असला की तिकडे, दक्षिण ध्रुवाजवळ, त्याची नोंद होते. १२ लाख वर्षांपूर्वीच्या आपल्या पावसाबद्दल डोम सीचा बर्फ काही सांगू शकेल, याचं मला अजून नवल वाटतं. आणखी लोकही शर्यतीत आहेत. ऑस्ट्रेलियाचं पथक केसी केंद्रावरून बाराशेच्या आसपास किलोमीटर बर्फावरून गाड्या ओढत डोम सीच्या उत्तरेला पोचलं आणि तिथे खोदतं आहे, जपान डोम फुजीला.

आता उरली नानांशी लागलेली पैज. ताल का बदलला यावर दोन मोठी मतं आहेत. एक म्हणतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू कमी होत गेला, पृथ्वी थंडावली, बर्फाचे थर लवकर वितळेनासे झाले. दुसरं मत पीटर क्लार्क आणि डेव्हिड पोलार्ड यांनी १९९८ मध्ये मांडलं: उत्तर अमेरिकेवर आधी भुसभुशीत माती-मुरूम होता, त्यावरून बर्फ घसरायचा, म्हणून पसरट आणि पातळ राहायचा. फेऱ्यामागून फेरे त्याने तो मुरूम खरवडून काढला, खाली कठीण पाषाण उघडा पडला, आणि मग बर्फ त्यावर धरून राहू लागला, जाड होऊ लागला. मुरुमाच्या खाली पाषाण बघण्यात माझी हयात गेली, त्यामुळे मी कुठल्या बाजूची ते सांगायला नको. पण मुरूम जिंकायचा असेल तर १२ लाख वर्षांपूर्वीच्या हिमयुगांतला कार्बन डायऑक्साइड नंतरच्या हिमयुगांइतकाच खाली गेलेला दिसला पाहिजे. ॲलन हिल्सच्या तुटक नमुन्यांत तो तेवढा खाली गेलेला दिसत नाही, म्हणजे पारडं सध्या कार्बन डायऑक्साइडवाल्यांच्या बाजूला आहे. नानांना हे सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग तुमी हरनार." मी म्हटलं, बघू. पैज बाजरीच्या एका पोत्याची लागली आहे. हरले तर पोतं मी विकत आणायचं, जिंकले तर त्यांच्या शेतातलं.